मागच्या ॲक्सलमधून तेल गळतेय? ऑइल सील बदलण्याआधी कारण शोधा

जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट धुळीचा थर दिसू लागला, तर बहुतेक वेळा ॲक्सलचे ऑइल सील खराब झालेले असते. तेल थोडेच जाते, म्हणून वरून भर घालत हंगाम काढला जातो. मात्र ड्राय ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे तेल ब्रेक लायनरवर पोहोचते. मग उसाने भरलेली ट्रॉली उतारावर असताना एक चाक धरते, दुसरे घसरते आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. त्यामुळे गळती दिसताच ट्रॉलीची वाहतूक थांबवा.

सील का खराब होते?

- ब्रीदर बंद असणे : काम करताना हाउसिंगमधील तेल व हवा तापते. ब्रीदर मातीने बुजला असेल तर आत दाब वाढतो आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर पडते.
- तेल जास्त असणे : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार खाली टेकवून, इंजिन बंद ठेवून डिपस्टिक पाहा.
- बेअरिंग झिजणे : चाक जॅकवर उचलून वर-खाली व आत-बाहेर हलवून पाहा. जास्त खेळ असेल तर नवे सीलही टिकत नाही.
- शाफ्टवर चरा पडणे : सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे नखाला लागेल असा चरा असेल, तर कॉलर किंवा स्लीव्ह बदलावी लागते.
- चिखलणी : भातखाचरातील चिखल व पाणी ओठात शिरते. तेल दुधाळ दिसत असेल तर पाणी आत गेले आहे. असे तेल पूर्ण बदला.

काढताना

१. सपाट, टणक जागा निवडा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा.

२. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नका. हाउसिंगखाली मजबूत स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे द्या. टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर आधी काढा, १३.६-२८ टायरमध्ये सुमारे १५० लिटर पाणी असू शकते.

३. तेल काढून घ्या. ड्रम उतरवा. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

४. ॲक्सल बाहेर घेताना शिम कोणत्या बाजूच्या, किती व कोणत्या क्रमाने होत्या, ते लिहून ठेवा.

५. अनेक जुन्या ट्रॅक्टरमध्ये बेअरिंग व कॉलर शाफ्टवर घट्ट बसवलेले असतात. ते गॅस कटरने कापू नका, शाफ्टला इजा होते. प्रेस मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये काढून घ्या.

नवे सील बसवताना

- जुन्या सीलवरील क्रमांक, आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी जुळवूनच नवे सील घ्या.
- सीलची बसण्याची जागा स्वच्छ करा. ओठाला तेल किंवा ग्रीस लावा. साधारणपणे स्प्रिंगची बाजू तेलाकडे असते; जुने सील काढतानाच त्याची दिशा पाहून ठेवा.
- हातोडीचा घाव थेट सीलवर नको. सीलच्या व्यासाचा सपाट ठोकळा किंवा पाइपचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी सारखे ठोका. सील तिरके बसले तर गळती कायम राहते.
- शाफ्ट आत सरकवताना त्याच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ओठ फाटत नाही. सीलमधून पार झाल्यावर, दाते आत बसण्याआधी ती काढा.
- तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नका. मुरलेले तेल ब्रेक तापल्यावर पुन्हा बाहेर येते. दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदला, म्हणजे ब्रेक सारखे लागतील.

जोडणीनंतर

ब्रीदर साफ करून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल खुणेपर्यंत भरा. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळा आणि तासभर चालवल्यावर पुन्हा आवळा. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडून मोकळ्या मैदानात कमी वेगात ब्रेक तपासा. ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला, तरच ट्रॉली जोडा. बेअरिंगचा खेळ किंवा शिमची मांडणी याबाबत शंका असेल, तर ते काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्या.