स्कूटरचे रंग ६, मग पार्ट्सच्या याद्या किती?

फोर्डची ‘मॉडेल टी’ कार १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. आज आपण शोरूममध्ये हवा तो रंग निवडतो आणि कारखान्यात पार्ट्सची यादी बदलते. या यादीला ‘बिल ऑफ मटेरियल्स’ किंवा बीओएम म्हणतात. एक वस्तू बनवायला कोणता पार्ट किती लागतो, हे त्यात असतं.

अडचण कुठे येते?
समजा, स्कूटरचे ६ रंग आणि सीटचे ३ रंग आहेत. म्हणजे एकूण १८ प्रकार. प्रत्येकाची वेगळी यादी केली, तर एक बोल्ट बदलला की १८ ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. एक यादी राहून गेली, तर त्या प्रकारच्या गाड्यांना जुनाच बोल्ट बसत राहतो.

मग उपाय काय?
यादी एकच ठेवायची. इंजिन, चाकं, वायरिंग सगळ्यांना सारखंच असतं. फक्त रंगीत पार्टसमोर अट लिहायची: गाडी लाल असेल तर लाल मडगार्ड. ऑर्डरमध्ये रंग आला, की सॉफ्टवेअर बाकीचे पर्याय गाळतं.

पार्ट नंबर मात्र वेगळेच!
स्टोअरमध्ये १० लाल आणि ५ निळे मडगार्ड आहेत, पण नंबर एकच असल्याने स्क्रीनवर ‘१५’ दिसतात. अशा वेळी ८ निळ्या गाड्यांची ऑर्डर आली, तर ३ गाड्या मडगार्डविना अडकतात.