कुष्ठरोगाची गोळी आणि कातडीचा रंग

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात कुष्ठरोगाचा इतिहास निघाला, की वरोऱ्याच्या आनंदवनाचे आणि बाबा आमट्यांचे नाव प्रथम घेतले जाते. ते योग्यच. महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली, ती डॅप्सोनच्या काळात. परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते त्यानंतर आलेल्या एका गोळीविषयी.

तिचे नाव क्लोफाझिमीन. मूळचा हा एक तांबडा रंगच. डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात क्षयावर औषध शोधताना तो तयार केला. क्षयाच्या कामी तो तेव्हा आला नाही. १९६२ मध्ये नायजेरियात ब्राउन व होगरझाइल यांनी तो कुष्ठरुग्णांना दिला, तेव्हा गुण दिसला. पुढे डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसीन व क्लोफाझिमीन एकत्र देण्याची शिफारस केली. जंतू अधिक असलेल्या रुग्णाला हा उपचार आरंभी दोन वर्षे आणि १९९८ नंतर एक वर्ष घ्यावा लागे.

आता अडचण पाहा. ही गोळी चरबीत विरघळते, कातडीत साठते, आणि काही महिन्यांत अंग तांबूस, मग काळपट होते. चट्टे तर अधिकच गडद होतात, आणि उन्हात उघडे राहणारे अंगही. सिंदेवाहीकडे जो माणूस रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत दिवसभर उन्हात वाकलेला असतो, त्याने चेहरा झाकावा तरी कसा? जो रोग लपविण्यासाठी रुग्ण जिवाचे रान करतो, त्याचेच औषध गावाला बातमी देते! अशा माणसाने गोळी टाकून दिली तर त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. लघवी लाल होते ती रिफाम्पिसीनने, आणि ती थोड्या वेळात निवळते. लोक त्याला घाबरतात, पण तो प्रश्न लहान. कातडीचा रंग मात्र औषध थांबल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ टिकतो. मग हळूहळू उतरतो. हे पहिल्या गोळीपूर्वीच सांगितले, तर रुग्ण तग धरतो.

देशपातळीवर २००५ अखेर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. आपल्या या दोन जिल्ह्यांत त्यानंतरही नवे रुग्ण सापडत राहिले. आणि क्षयासाठी जन्मलेली ही गोळी आता औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दिली जाते. तिथेही आरशासमोर उभा राहून रुग्ण विचारतो, की हा काळेपणा कधी जाईल.