टॅब्लॉइड आणि ब्रॉडशीट वृत्तपत्रे : संख्याशास्त्रीय तुलना

टॅब्लॉइड व ब्रॉडशीट ही वृत्तपत्रांच्या पानांची दोन मापे आहेत. टॅब्लॉइडचे पान ब्रॉडशीटच्या साधारण निम्मे असते. छोटे पान म्हणजे चटपटीत, सनसनाटी मजकूर आणि मोठे पान म्हणजे भारदस्त मजकूर, हा समज लंडनच्या वृत्तपत्रसृष्टीतून पसरला. प्रत्यक्षात ‘द टाइम्स’ने 2004 मध्ये मोठे पान सोडले आणि ‘द गार्डियन’ने 2018 मध्ये टॅब्लॉइड आकार घेतला, पण त्यांचा पिंड बदलला नाही. म्हणून आकार आणि शैली यांचा संबंध गृहीत न धरता तो मोजून तपासावा लागतो.

सोलापुरात सकाळी घरोघर पडणारी संचार, लोकमत, सकाळ, पुढारी ही दैनिके ब्रॉडशीट आहेत. मराठी टॅब्लॉइडची परंपरा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या सायंदैनिकांची आहे. मुंबईचे ‘आपलं महानगर’ आणि पुण्याचे ‘संध्यानंद’ ही त्यांतली ठळक नावे. त्यामुळे सोलापूरच्या अभ्यासकाला तुलनेचा एक नमुना बाहेरगावाहून आणावा लागतो आणि पहिली अडचण इथेच उभी राहते. दोन अंकांत फरक दिसला, तर तो आकाराचा, शहराचा की सकाळ-संध्याकाळचा, हे सांगता येत नाही.

नमुना. एकाच दिवसाचे अंक घेणे सोपे असले तरी फसवे असते. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या किंवा आषाढी एकादशीच्या दिवशी स्थानिक अंक छायाचित्रांनी आणि जाहिरातींनी भरलेले असतात. म्हणून एका आठवड्यातला सोमवार, पुढच्यातला मंगळवार, त्यापुढच्यातला बुधवार असे करून आठवडा जुळवतात. प्रत्येक अंकातून बातम्या यादृच्छिक पद्धतीने निवडायच्या. क्रीडा, गुन्हे, राजकारण यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे ठेवायचे.

शब्दांची लांबी. इंग्रजीत शब्दातली अक्षरे मोजतात. मराठीत ही मोजणी जोडाक्षराशी अडते. ‘निर्णय’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा, पण संगणक काना-मात्रा व हलन्त वेगळे धरून सहा चिन्हे मोजतो. त्यामुळे एकक ‘अक्षर’ हेच ठेवावे. उदाहरणादाखल एकाच घटनेचे दोन काल्पनिक मथळे घेऊ :

‘उजनीतून सोलापूरसाठी पाणी सोडण्याचा निर्णय’
‘पाणी सुटले! पण नळाला कधी?’

पहिल्यात पाच शब्द व 20 अक्षरे, सरासरी 4. दुसऱ्यातही पाच शब्द, पण 12 अक्षरे, सरासरी 2.4. मध्यक अनुक्रमे 4 आणि 2. फरक डोळ्यात भरतो. पण उपसंपादकाने ‘सोलापूर साठी’ असे तोडून लिहिले, तर पहिल्या मथळ्याचे सहा शब्द होतात आणि सरासरी 3.3 वर येते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात, शब्दयोगी अव्ययेही बहुधा जोडूनच लिहितात. त्यामुळे शब्दाची लांबी बोजडपणापेक्षा व्याकरण आणि लेखनाची सवयच जास्त दाखवते. वाक्यातली शब्दसंख्या हे त्याहून भरवशाचे माप. रुडॉल्फ फ्लेश यांचे 1948 चे वाचनसुलभतेचे सूत्र इंग्रजीसाठी बेतलेले आहे. त्याचे गुणक मराठीला जसेच्या तसे लावणे निव्वळ चुकीचे.

जागा. मथळे, छायाचित्रे, मजकूर आणि जाहिराती यांची जागा पट्टीने चौरस सेंटीमीटरमध्ये मोजतात. तुलना मात्र टक्केवारीनेच करावी. ब्रॉडशीटचे छापील क्षेत्र 33 × 52 सेंमी आणि टॅब्लॉइडचे त्याच्या निम्मे मानले, तर 16 × 12 सेंमीचे तेच छायाचित्र एकीकडे सुमारे 11 टक्के, तर दुसरीकडे 22 टक्के जागा व्यापते. टॅब्लॉइड ‘चित्रमय’ दिसण्यात या गणिताचाही वाटा असतो. म्हणून एका पानावर न थांबता संपूर्ण अंक मोजावा.

अनुमान. शब्दांच्या लांबीचे वितरण उजवीकडे लांबत जाते : लहान शब्द पुष्कळ, फार लांब थोडे. अशा वेळी सरासरीसोबत मध्यक व चतुर्थक द्यावेत आणि पेटी-आलेख काढावा. प्रमाण विचलन 1.5 अक्षरे आणि प्रत्येकी 100 शब्द धरले, तर दोन सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे 0.21 येते, म्हणजे 0.4 अक्षरांहून लहान फरक योगायोगाचाही असू शकतो. हे गणित शब्द परस्परांपासून स्वतंत्र मानते. एका बातमीतले शब्द तसे नसतात, कारण विषय आणि लिहिणारा हात एकच असतो. हजार शब्द मोजले, पण ते दहाच बातम्यांतले असतील, तर नमुना हजाराचा म्हणवत नाही. वर्गीकृत माहितीला काय-वर्ग चाचणी लावतात.

खप हे वेगळे माप आहे. 1948 मध्ये स्थापन झालेला ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स सहा महिन्यांतल्या प्रतिअंक सरासरी खपाचे आकडे देतो, तर इंडियन रीडरशिप सर्व्हे वाचक मोजत आला आहे. वाचनालयात किंवा चहाच्या टपरीवर एक प्रत अनेकजण चाळतात, तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

सोलापुरापुरते बोलायचे, तर बाहेरगावच्या सायंदैनिकापेक्षा एकाच दैनिकाचा मुख्य अंक आणि त्याची जिल्हा पुरवणी, उदाहरणार्थ लोकमत आणि ‘हॅलो सोलापूर’, यांची तुलना हाती घेणे अधिक फलदायी. त्यात आकाराचा प्रश्न सुटत नाही; पण वृत्तपत्र, शहर आणि दिवस तेच राहत असल्याने शैलीतला फरक स्वच्छ मोजता येतो.