हार्ड डिस्क, सातबारा आणि दुसरी प्रत

सातबारा, जन्माचा दाखला, पतसंस्थेचं खातं, सोसायटीचा हिशोब. ‘सगळं कॉम्प्युटरवर आहे’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. पण कॉम्प्युटरवर म्हणजे नेमकं कुठे? गेली कित्येक दशकं याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच होतं, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे: एका फिरत्या चकतीवर. या चकतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे.

साल १९५६. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या टीमने आयबीएमसाठी ‘रॅमॅक’ हे यंत्र तयार केलं. तोवर मोठ्या कंपन्यांचे हिशोब पंच कार्डांवर नाहीतर टेपवर असायचे. टेपवरची मधलीच एखादी नोंद हवी असेल तर तिथपर्यंत टेप फिरवत न्यायची. या मंडळींना हवी होती खतावणी! हवं ते पान थेट उघडायचं. त्यासाठी त्यांनी दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचल्या आणि मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरवल्या. चकतीवर द्यायचा चुंबकीय रंग चक्क बायकांच्या पायमोज्यातून गाळून, कागदी कपाने ओतायचे, असं सांगतात. वजन जवळपास एक टन, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आज मोबाईलवरचा एखादा फोटोही तेवढी जागा खातो.

आता हे चालतं कसं? चकतीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. त्यावर गोल गोल रेघा कल्पा, आणि प्रत्येक रेघेचे छोटे तुकडे. लिहिताना ‘हेड’मधल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की खालचा इवलासा भाग चुंबक बनतो. विजेची दिशा उलटी केली की चुंबकाची दिशाही उलटते. ही दिशा कुठे बदलली आणि कुठे नाही, यावरून ० आणि १ ओळखायचे. आपल्या जमिनीची नोंद म्हणजे शेवटी अशा असंख्य इवल्या चुंबकांची रांग.

मेख आहे ती अंतरात. रॅमॅकचं हेड चकतीपासून साधारण २० मायक्रॉन वर असायचं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पाव भाग. १९७३ साली आयबीएमने ‘विंचेस्टर’ ड्राइव्ह आणला. त्यात हेड आणि चकत्या एकाच बंद डब्यात ठेवल्या, कारण धूळ हा मोठा शत्रू. पुढे १९८८ च्या सुमारास आल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी एक परिणाम शोधला: लोखंड आणि क्रोमियमच्या अतिपातळ थरांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रात मोठ्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे अगदी दुबळे चुंबकही वाचता येऊ लागले, आणि १९९७ पासून तशी हेड बाजारात आली. दोघांना २००७ चं नोबेल मिळालं. आज हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुराचा कणही त्या फटीत मावणार नाही.

इतक्या नाजूक गोष्टीवर विसंबायचं कसं? ज्यांनी या डिस्क वापरून मोठ्या यंत्रणा उभारल्या ते विसंबलेच नाहीत. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ ही पद्धत मांडली. साधा हिशोब आहे. एका डिस्कवर ५ लिहा, दुसरीवर ७, आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. तिघींतली कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून गेलेला आकडा काढता येतो. डिस्क बंद पडणारच, हे आधीच धरून चाललेली मांडणी आहे ही.

आपल्याकडे मात्र उलटं दिसतं. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत डिस्क गेली आणि सभासदांनाच जुन्या पावत्या घेऊन बोलावलं. ज्यांनी जपून ठेवल्या ते सुटले, बाकीचे महिनोन्‌महिने हेलपाटे घालत राहिले. तिथे ‘बॅकअप’ होता, पण त्याच कॉम्प्युटरमध्ये! म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच. आणि ‘रेड’ असलं तरी ते डिस्क बिघडण्यापुरतं. कोणी चुकून नोंद पुसली तर ती सगळीकडून पुसली जाते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात तळमजले पाण्याखाली गेले होते. अशा वेळी एकाच खोलीतल्या चार डिस्क एकदमच जाणार. नव्या एसएसडीत चकती फिरत नाही हे खरं, पण आग, पूर आणि चूक तिलाही चुकत नाही.

जुन्या काळी घरातली खरेदीखतं ट्रंकेत असायची, पण एक नोंद दुय्यम निबंधकाकडेही असायची. दोन ठिकाणी ठेवायचं शहाणपण आपल्याला नवीन नाही. कागद गेला आणि ते शहाणपणही त्याच्याबरोबर गेलं, एवढंच.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत, पतसंस्थेच्या किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत तीनच प्रश्न विचारा. दुसरी प्रत आहे का? ती दुसऱ्या इमारतीत आहे का? आणि त्या प्रतीवरून नोंदी परत काढून शेवटचं कधी पाहिलं? तिसऱ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर बॅकअप आहे असं समजू नका.