जिनापासून समृद्धीपर्यंत

वाशीम जिल्ह्यातले मालेगाव हे नाशिककडच्या मालेगावसारखे मागांचे गाव नव्हे. अकोला-वाशीम रस्त्यावरचे, काळ्या मातीतले, काही पिढ्या कपाशीवर आणि आता सोयाबीन-तुरीवर जगणारे हे तालुक्याचे ठिकाण. इथल्या माणसाचे काम हंगामावर चालते. पेरणी, निंदण, फवारणी, सोंगणी, मळणी ही कामे आटोपली की उरलेल्या दिवसांत ठेकेदारामागे रस्त्यावर, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जायचे. कामावर हात तुटला, डोळा गेला किंवा माणूसच गेला, तर मागे राहिलेल्यांनी काय मागायचे आणि कोणाकडे? या प्रश्नाला कायद्याने दिलेल्या उत्तराचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. त्यात हंगामी कामगार पुन्हा पुन्हा दाराबाहेर राहिलेला दिसतो.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात रेल्वे पोहोचली. अकोला, खामगाव, कारंजा या पेठांची भरभराट झाली आणि सरकी वेगळी काढणारे जिन व गाठी बांधणारे प्रेस वाफेवर उभे राहिले. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या येऊ लागत. जिनात रुळांच्या ओळीपुढे बाया कापूस भरत. सरकी खाली पडे, रुई पुढे सरके. लांबलचक दांड्यावरून पट्टे फिरत आणि त्यांच्या आसपास सरकी गोळा करणारी, झाडलोट करणारी माणसे वावरत. पदराचे टोक किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला की माणूसच आत ओढला जाई. प्रेसमध्ये दाबून बसलेला कापूस मोकळा करणारे ओपनर हे दातेरी यंत्र त्याहून घातक. १९४८ च्या कारखाना कायद्याचे २७ वे कलम खास याच यंत्रासाठी होते: जिथे ओपनर चालू आहे, त्या भागात बाई किंवा मूल कामाला ठेवायचे नाही. एका यंत्रासाठी स्वतंत्र कलम लिहावे लागते, तेव्हा त्यामागे किती जखमा असतील याचा अंदाज करता येतो.

हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसे, यांत्रिक शक्ती आणि वर्षातून किमान चार महिने काम, अशा कारखान्यांनाच तो लागू होता. जिनाचा हंगाम पुष्कळदा त्याआधीच संपे. मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे १८८४-८५ मध्ये खानदेशातल्या जिनांची जी साक्ष झाली, त्यात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत आणि गर्दीच्या दिवसांत रात्रंदिवस राबणाऱ्या बायापुरुषांचे वर्णन आहे. तरीही हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडले. तीस वर्षे वऱ्हाडातल्या अशा जिनांतला मजूर कायद्याच्या लेखी कारखान्याचा कामगारच नव्हता.

याच फॅक्टरी कमिशनच्या काळात मुंबईत जे घडले, त्याची आठवण मराठी वाचकाने ठेवलीच पाहिजे. 'दीनबंधू' चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कमिशनला दिले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा आणि वेळेवर पगार या मागण्या आपल्याला माहीत असतात. रविवारच्या सुटीमुळेच लोखंड्यांचे नाव टिकले. पण निवेदनात पाचवी मागणीही होती. कामावर गंभीर दुखापत होऊन कामगार काही काळ अंथरुणाला खिळला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा जायबंदी झाला, तर त्याच्या पोटापाण्याची योग्य व्यवस्था करावी.

ही मागणी काळाच्या किती पुढे होती ते तारखांवरून दिसते. जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला तो जुलै १८८४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या सभांआधी दोन-अडीच महिने. इंग्लंडने नुकसानभरपाईचा कायदा केला १८९७ मध्ये. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला लोखंडे प्लेगने गेले. परळच्या मैदानावर जमलेल्या कामगारांनी जे मागितले, ते त्यांच्यावर राज्य करणाऱ्या देशाने स्वतःच्या कामगारांना तोवर दिलेले नव्हते.

हिंदुस्थानात मात्र १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखेरीज आधार नव्हता. तोही माणूस मेल्यानंतर वारसांनी दिवाणी दावा लावून मालकाची चूक शाबीत केली तरच. यंत्रात जीव गेलेल्या मजुराच्या वारसांनी मालकाची चूक सिद्ध करायची, साक्षीदार म्हणून त्याच मालकाकडे काम करणाऱ्यांना उभे करायचे आणि वकिलाची फी भरायची! असे दावे गरिबांच्या घरातून येत नसत.

१९२३ चा वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि हा पाया बदलला. मालकाची चूक होती का, हा प्रश्न मागे पडला. इजा कामातून आणि काम चालू असताना झाली का, एवढेच पाहायचे ठरले. दिवाणी कोर्टाऐवजी आयुक्त नेमले गेले. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, तिथेही कमी असेल ती. महिना १५ रुपये मिळवणारा मजूर गेला तर घरच्यांना ४५० रुपये, असा हा हिशेब होता. अल्पवयीन मूल कामावर मेले तर सरसकट २०० रुपये. पहिल्या दहा दिवसांच्या बेकारीचे काहीच नाही.

कायद्याच्या परिशिष्टात शरीराचा दरपत्रकासारखा तक्ता होता. उजवा हात कोपरापासून किंवा वरून गेला तर कमाईची शक्ती ७० टक्के घटली असे धरायचे, डावा असेल तर ६०. एक डोळा ३० टक्के, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचे बोट ५. आज हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याचा उपयोगही मान्य करायला हवा. तक्ता नसता तर प्रत्येक बोटासाठी घासाघीस झाली असती, आणि घासाघिशीत मजूर नेहमी हरतो.

तक्त्याची मर्यादा कोर्टांनी पुढे ओळखली. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. पण सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याची कमाई शंभर टक्के गेली, असे न्यायालयाने मान्य केले. भरपाई निकालाच्या दिवशी नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही याच निकालाने पक्के केले. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे गेली तर पाच-दहा टक्क्यांचा हिशेब मांडणाऱ्यापुढे हा सुतार उभा करता येतो.

भरपाई मालकाच्या खिशातून वसूल करण्यापेक्षा विमा बरा, हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांनी आपला अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. दवाखाना, आजारपणातला भत्ता, अपंगांना आणि वारसांना एकरकमी पैशाऐवजी दरमहा रक्कम. भारतीय कामगाराच्या पदरात पडलेली ही फार मोठी गोष्ट. पण हा कायदा हंगामी कारखाने वगळत होता. कोणते हंगामी कारखाने? व्याख्येतले पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे. मग कापूस व तागाचे प्रेस, पुढे भुईमूग फोडणे, साखर आणि गूळ. वऱ्हाड आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून माणसे ज्या कारखान्यांत जात, नेमकी त्यांचीच ही यादी.

शेतावरच्या मजुराची गोष्ट आणखी वेगळी. १९२३ च्या कायद्यात, त्याच्या परिशिष्टात दिलेल्या कामांनाच भरपाई होती आणि साधी शेतमजुरी त्यात नव्हती. पुढे त्या परिशिष्टात ट्रॅक्टरची शेती आली, यंत्राने कापणी-मळणी आली, कीटकनाशकांची फवारणीही आली. मळणी यंत्रांनी देशभर इतके हात खाल्ले की १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला. त्यातही इजा झालेल्याच्या भरपाईची तरतूद आहे. मालेगाव तालुक्यात सोयाबीन काढणीच्या दिवसांत गावोगाव हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, फिरतो. त्याच्या तोंडाशी पेंढ्या लोटणारा मजूर कायद्याच्या संरक्षणात आहे, ही गोष्ट त्याला आणि हडंब्याच्या मालकालाही सांगणारे कोणी नसते.

त्याची किंमत २०१७ मध्ये दिसली. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले. मदत व्हायलाच हवी होती. पण फवारणी हे भरपाईच्या परिशिष्टातले काम आहे, मजुराच्या बायकोला आयुक्तांकडे अर्ज करता येतो, ही चर्चा जवळजवळ झालीच नाही. जो हक्क होता, तो मदतीच्या धनादेशात विरून गेला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजनाही सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. भूमिहीन मजुराला तिचा आधार नाही.

मग आली समृद्धी. हा नागपूर-मुंबई महामार्ग मालेगाव तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. त्याआधी, २० ऑगस्ट २०२१ रोजी, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा तालुक्यात या कामावरच्या मजुरांना घेऊन जाणारा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळयाही होत्या. १३ मजूर मेले. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळून २० जण दगावले. अशा कामावर मजुराला आणणारा मुकादम एक, पगार देणारा उपठेकेदार दुसरा, त्यावर ठेकेदार कंपनी आणि सर्वांत वर काम काढणारे महामंडळ. दुर्घटनेनंतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कायद्याने याचे उत्तर १९२३ मध्येच, बाराव्या कलमात, देऊन ठेवले होते: ज्याने आपल्या धंद्यातले काम ठेकेदाराकडून करून घेतले, त्या मूळ मालकाकडे थेट भरपाई मागता येते. ठेकेदाराकडून वसुली त्याची त्याने करावी.

याच कायद्यातून आलेल्या आणखी दोन तरतुदी खेड्यातल्या प्रत्येक घराला माहीत असाव्यात. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने वारसांच्या हातावर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. अंत्यविधीच्या घाईत कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याने हक्क संपत नाही, कारण हक्क सोडून देण्याचा करारच बेकायदा आहे. दुसरी तरतूद १९९५ च्या दुरुस्तीची. अपघात पुण्यात झाला तरी वारस राहतात तिथल्या आयुक्तांकडे दावा लावता येतो. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालये किंवा वरिष्ठ स्तरावरचे दिवाणी न्यायाधीश पाहत आले आहेत. २००० मध्ये नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्दही गेले. भरपाईचा हिशेब पगार आणि वय यांवर चालतो: पंधरा हजार पगाराचा तीस वर्षांचा माणूस गेला, तर पगाराच्या निम्मे गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर व्याज, आणि कारण पटले नाही तर दंडही.

हे कागदावर. प्रत्यक्षात किती वेळ लागतो, ते धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणाने दाखवले. साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले, कारण तो अजून कामावर पोहोचला नव्हता. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच धरायचा. बावीस वर्षांनी न्याय मिळाला. निकाल स्वागतार्ह आहे, आणि उशीर तेवढाच संतापजनक.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा राज्य विमा कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. ये-जा करतानाच्या अपघाताची तरतूद भरपाईच्या प्रकरणात आता स्पष्ट शब्दांत आली, हे चांगले झाले. पण राज्य विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाना याही वेळी वगळला आहे आणि व्याख्येत कापसाचे जिनिंग पहिल्याच जागी कायम आहे. ही वगळणूक रद्द व्हायला हवी. ती रद्द होईपर्यंत जिनातल्या, प्रेसमधल्या, हडंब्यावरच्या आणि ठेक्यावरच्या माणसाकडे मालकाविरुद्धचा भरपाईचा दावा हाच मार्ग आहे. त्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची. म्हणून हजेरीची नोंद, दवाखान्याचे कागद आणि पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावी.