कॉम्प्युटर सेज नो

‘लिटल ब्रिटन’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेत कॅरल बीअर नावाचं एक पात्र आहे. बँकेच्या काउंटरमागे बसलेली, चेहऱ्यावरची रेषही न हलवणारी बाई. समोरचा माणूस काहीतरी साधं विचारतो. ती कीबोर्डवर टकटक करते, स्क्रीनकडे बघते आणि कंटाळलेल्या आवाजात सांगते, ‘कॉम्प्युटर सेज नो.’ मग त्याच्या तोंडावर खोकते. बस, एवढाच विनोद. २००४ साली हे पात्र आलं आणि ते वाक्य ब्रिटनभर लोकांच्या तोंडी बसलं.

त्याच वर्षांत त्याच देशात गावोगावचे पोस्टमास्तर चोरीच्या आणि खोट्या हिशेबाच्या आरोपाखाली कोर्टात उभे राहत होते. त्यांच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता कॉम्प्युटर.

ब्रिटिश मालिकांपैकी काय बघू, असं कुणी विचारलं की मी आधी ‘फॉल्टी टॉवर्स’ सांगते (बाराच भाग आहेत, एका रविवारी संपतात), मग ‘येस मिनिस्टर’. पण अलीकडे एक जोडी सुचवते. आधी कॅरल बीअरचे दोन-तीन प्रसंग बघा आणि लगेच ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ लावा. २०२४च्या १ ते ४ जानेवारीला आयटीव्हीवर आलेली ही चार भागांची मालिका. पहिल्यात ज्यावर हसलो, तेच दुसऱ्यात घर विकायला लावतं.

ब्रिटनच्या खेड्यात पोस्ट म्हणजे पुष्कळदा वाण्याचं दुकान असतं. पाव, दूध, वर्तमानपत्रं आणि कोपऱ्यात पोस्टाचा एक काउंटर. तो चालवणारा सब-पोस्टमास्तर पोस्टाचा नोकर नसतो, कंत्राटावर असतो. अनेकांनी आयुष्यभराची पुंजी घालून ही दुकानं घेतलेली. १९९९पासून या काउंटरांवर ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली गेली. ती फुजित्सूची. गल्ल्यातली रोकड आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला नाही, तर फरक पोस्टमास्तरने खिशातून भरायचा, असा पोस्टाचा खाक्या. हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन यांना २,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, सांगितली तशी बटणं दाबली आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. मोनिका डोलनने हा प्रसंग असा केला आहे, की मला पॉज करून उठावं लागलं.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते, म्हणून हे थोडं उलगडून सांगते. होरायझनमधल्या एका दोषाला स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावाचं नाव पडलं आहे. २०१५ साली तिथे ८,००० पौंडांची रक्कम जमा म्हणून नोंदवताना स्क्रीन अडकला. अडकलेल्या स्क्रीनवर तुम्ही-आम्ही जे करू तेच तिथे झालं: पुन्हा पुन्हा एंटर दाबलं गेलं. आणि प्रत्येक एंटरला तीच रक्कम गुपचूप परत नोंदली गेली. हिशेबात २४,००० पौंडांची तूट, प्रत्यक्षात एक पेनीही हललेली नाही. एकच विनंती चारदा आली तरी व्यवहार एकदाच व्हायला हवा, हा आमच्या धंद्यातला अगदी बाळबोध नियम.

पण दोष कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नसतात? ते कळतात, दुरुस्त होतात. इथे घात केला कायद्याने. इंग्लंडमध्ये कॉम्प्युटरचा पुरावा कोर्टात आणायचा, तर यंत्र नीट चालत होतं हे आधी दाखवावं लागे. १९९९च्या एका कायद्याने ही अट काढून टाकली. त्यानंतर यंत्र बरोबरच असणार असं धरून चालायचं आणि चूक आहे म्हणणाऱ्याने ती दाखवायची. आता खेड्यातल्या दुकानदाराला सोर्स कोड कोण दाखवणार? त्यात इंग्लंडमध्ये पोस्ट स्वतःच खटले भरत असे. तक्रार त्यांची, तपास त्यांचा, फिर्यादही त्यांचीच. २०१५पर्यंत ९००हून अधिक लोक दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

यातलं काहीच गुपित नव्हतं, याची मला जास्त चीड येते. ‘कॉम्प्युटर वीकली’ने २००९ सालीच ही प्रकरणं छापली होती. ॲलन बेट्स यांच्यासह ५५५ जणांनी दावा लावला आणि डिसेंबर २०१९मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष मान्य केले. २०२१मध्ये अपील कोर्टाने एका दिवसात ३९ जणांची शिक्षा रद्द केली. तरी शेकडो जणांच्या नावावर गुन्हा तसाच होता. मालिका संपली ४ जानेवारीला. १० जानेवारीला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत कायद्याची घोषणा केली आणि २४ मे रोजी तो झालाही. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या त्या शिक्षा एकगठ्ठा पुसल्या गेल्या.

ब्रिटिश टीव्हीवर याची एक जुनी वाट आहे. १६ नोव्हेंबर १९६६ला बीबीसीवर केन लोच यांचं ‘कॅथी कम होम’ लागलं. बेघर होत गेलेल्या एका जोडप्याची गोष्ट. शेवटी रेल्वे स्टेशनवर कॅथीची पोरं तिच्यापासून ओढून नेतात. सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ते पाहिलं. त्यातून ‘शेल्टर’ ही संस्था जन्मली असं सर्रास सांगितलं जातं, पण तिची तयारी आधीपासून चालू होती. ती सुरू झाली पंधरा दिवसांनी. नाटकाने तिला कान दिले, एवढं नक्की.

बेट्सच्या मालिकेचंही तसंच आहे. लेखिका ग्विनेथ ह्यूज यांनी नवा पुरावा काहीच आणला नाही. त्यांनी फेनी कॉम्प्टन गावचा हॉल दाखवला. तूट आली की हेल्पलाइनवर प्रत्येकाला ऐकवलं जाई, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. २००९मध्ये बेट्स त्या गावात एक सभा बोलावतात. कुणी येईल की नाही याची खात्री नसते. मग एकेक गाडी येऊन थांबते, लोक बिचकत आत येतात, खुर्च्यांवर बसतात आणि एकमेकांकडे बघत राहतात.

या मालिकेत आयटीव्हीला सुमारे दहा लाख पौंडांचा तोटा झाला. अनेक परदेशी चॅनेलांना इंग्लंडच्या पोस्टमास्तरांची गोष्ट विकत घ्यायची नव्हती.