मधुमेह, वजन आणि लघवीची पिशवी : उशिरा विचारलेला प्रश्न

मधुमेह हा आजार माणसाने ओळखला तो लघवीवरूनच. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. 1776 मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी लघवी आटवून तिच्यातली साखर दाखवली. 1870 मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्न तुटपुंजे झाले आणि डॉ. बूशार्दा यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर घटली. मोजके खाणे आणि अंगमेहनत यांवर त्यांचा भर होता.

लघवीची तपासणी अशी शतकानुशतके चालू राहिली. मात्र ती साठवणाऱ्या पिशवीला, म्हणजे मूत्राशयाला, वजन घटवल्याने काय फायदा होतो, हे मोठ्या अभ्यासांत तपासायला एकविसावे शतक उजाडले.

संबंध समजायला सोपा आहे. साखर वाढली की लघवी जास्त होते. पोटाच्या चरबीचा दाब मूत्राशयावर पडतो. खोकताना, शिंकताना लघवी गळते. जुन्या मधुमेहाने नसा बिघडल्या तर पिशवी भरल्याची जाणीव कमी होते, लघवी आत उरते आणि जंतुसंसर्ग होतो.

2001 मध्ये अमेरिकेत 'लुक अहेड' हा अभ्यास सुरू झाला. वजन जास्त असलेले टाइप 2 मधुमेहाचे 5,145 रुग्ण त्यात होते. एका गटाला कमी उष्मांकांचा आहार आणि आठवड्याला 175 मिनिटे व्यायाम दिला. हार्ट अटॅक, पक्षाघात यांचे प्रमाण घटले नाही, म्हणून 2012 मध्ये तो थांबवला. पण पहिल्याच वर्षात एक गोष्ट दिसली होती : घटलेल्या प्रत्येक किलोमागे स्त्रियांना नव्याने गळती सुरू होण्याची शक्यता सुमारे 3 टक्क्यांनी कमी झाली. ज्यांना आधीपासून त्रास होता, त्यांची गळती पूर्ण थांबण्यात मात्र दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता.

म्हणजे वजन वेळेवर उतरवण्याला महत्त्व आहे. चार-पाच किलोही वाया जात नाहीत. गळती होते म्हणून पाणी पिणे तोडू नका. लघवी अडकत असेल, जळजळ होत असेल तर तपासणी करून घ्या. आणि बायकांनो, 'वयानुसार होणारच' म्हणून गप्प राहू नका. डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही स्वतः सांगा.